बाहा फ्रेमचं वजन ५० किलोवरून खाली आणायचंय, ४१३० घेणं हाच एक उपाय आहे का?

केज_इनचार्ज

नमस्कार मंडळी. थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, आमच्या कॉलेजची बाहा टीम आहे (विद्यार्थ्यांनी स्वतः ऑफ-रोड गाडी बनवून पळवायची स्पर्धा) आणि यंदा फ्रेम माझ्या गळ्यात आलीय. गेल्या वर्षीची फ्रेम सिनिअर्सनी सगळी एकाच पाईपमध्ये केली होती, १०१८ स्टील (साधं, कमी कार्बनचं), २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी. साधारण ३० मीटर पाईप लागला आणि फ्रेम ५० किलोच्या आसपास गेली. गाडी चढावर मरत होती. इंजिन सगळ्यांना सारखंच असतं त्यामुळे आता जे काय करायचं ते वजनातच.

कॅप्टन म्हणतो ३५ च्या आत आण. टीममधले सगळे म्हणतात ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं जास्त मजबूत स्टील) घे, हलकं पडतं. पण मी बघितलं तर दोन्हीची डेन्सिटी सारखीच आहे, ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी, मग हलकं पडतं म्हणजे नक्की काय? शिवाय ४१३० चा भाव ऐकून आमचे फॅकल्टी सर गप्पच झाले. मी सॉफ्टवेअरमध्ये जाडी ३ वरून २ केली आणि स्ट्रेस बघितला तर फॅक्टर ऑफ सेफ्टी (एफओएस, म्हणजे ताकद लोडच्या किती पट) २ च्या वरच येतोय, म्हणजे तसंच केलं तर चालेल ना? की टॉपॉलॉजी ऑप्टिमायझेशन (नको असलेलं मटेरियल सॉफ्टवेअरकडून काढून घेणं) करावं लागेल? कमीत कमी वजनाचं डिझाइन करायची काही ठरलेली पद्धत असते का, की नुसतं पाईप कमी करत जायचं आणि लाल रंग दिसला की थांबायचं?

जुना बाहावाला

भावा, लाल रंग दिसला की थांबायचं ही पद्धत निम्म्या टीम वापरतात त्यामुळे लाजू नको, पण आधी रूलबुक उघड. २५.४ गुणिले ३ हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो संदर्भाचा पाईप आहे. प्रायमरी मेंबरसाठी (ड्रायव्हरभोवतीच्या केजचे मुख्य पाईप) दुसरा कुठलाही पाईप घ्यायचा तर त्याचा बेंडिंग स्टिफनेस आणि बेंडिंग स्ट्रेंग्थ दोन्ही या पाईपाइतके किंवा जास्त पाहिजेत, जाडी १.५७ च्या खाली नको आणि कार्बन किमान ०.१८ टक्के. तू २५.४ ला २ मिमी केलंस तर तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये एफओएस कितीही येऊ दे, टेक्निकल इन्स्पेक्शनला गाडी आत जाणार नाही.

आता गणित बघ, इथेच सगळी गंमत आहे. स्टिफनेस म्हणजे ई (मटेरियलची ताठरता, यंग्ज मॉड्युलस) गुणिले आय (पाईपच्या आकाराचा सेकंड मोमेंट ऑफ एरिया). ई १०१८ चा २०५ जीपीए आणि ४१३० चाही तेवढाच, स्टील म्हटलं की ग्रेड कुठलीही असो ई तोच राहतो. म्हणजे स्टिफनेससाठी ४१३० वर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया, तिथे फक्त व्यास कामाला येतो. तुझ्या जुन्या पाईपचा आय येतो १३,४७८ मिमीचा चौथा घात, स्टिफनेस साधारण २,७६३ न्यूटन मीटर वर्ग. स्ट्रेंग्थ म्हणजे यील्ड (ज्या स्ट्रेसला स्टील कायमचं वाकतं तो) गुणिले आय भागिले सी (बाहेरच्या व्यासाचा निम्मा), १०१८ चं यील्ड ३६५ एमपीए धरलं की ३८७ न्यूटन मीटर. या दोन आकड्यांच्या खाली जायचं नाही, बस.

बहुतेक टीम जो ४१३० पाईप घेतात तो २९.२ गुणिले १.६५. त्याचा आय १३,५९८, म्हणजे स्टिफनेसमध्ये जेमतेम पास, एक टक्कासुद्धा मार्जिन नाही. स्ट्रेंग्थ ४६० यील्ड धरून ४२८. वजन मीटरला १.१२ किलो, तुझ्या जुन्याचं १.६६. म्हणजे ३२ टक्के कमी. हेच ते हलकं पडतं. पण नीट बघ, हलकं झालं ते व्यास वाढून जाडी कमी झाल्यामुळे, क्रोमोलीमुळे नाही. क्रोमोलीचं काम एवढंच की हाच पाईप १०१८ मध्ये घेतला असता तर स्ट्रेंग्थ ३४० वर आली असती आणि नापास झाला असता.

मग १०१८ मध्येच व्यास अजून थोडा वाढवला तर? सव्वा इंची घे, ३१.७५ गुणिले १.६. आय १७,२६९, स्टिफनेस आरामात पास, स्ट्रेंग्थ ३९७, पास. वजन मीटरला १.१९ किलो. समज तुझ्या फ्रेममध्ये १८ मीटर प्रायमरी असेल तर ४१३० मध्ये २०.२ किलो आणि या साध्या पाईपमध्ये २१.४. सव्वा किलोसाठी तू किती पैसे मोजणार ते तूच ठरव. वर अजून एक फायदा, २९.२ च्या पाईपची जाडी गिरणीतून १.६५ च्या ऐवजी १.६ आली की आय १३,२५४ होतो आणि तू नापास. सव्वा इंचीची जाडी अगदी किमान १.५७ आली तरी स्ट्रेंग्थ ३९० पडते.

आणि उरलेले १२ मीटर तुम्ही ३ मिमीमध्ये का केलेत हेच मला कळत नाही. सेकंडरी मेंबरला २५.४ व्यास आणि ०.८९ जाडी चालते, मीटरला ०.५४ किलो. ०.८९ वेल्ड करायला हात बसलेला माणूस नसेल तर १८ गेज म्हणजे १.२ मिमी घे, १२ मीटरचे ८.६ किलो. झाली बेरीज ३० किलो, क्रोमोलीचा एक तुकडा न घेता. (कुठला मेंबर प्रायमरी आणि कुठला सेकंडरी हे तुझ्या वर्षाच्या रूलबुकमधून घे, मधे मधे बदलतं.)

शेडवाला मिरज

मी बाहाबिहा काही केलेलं नाही, सिव्हिलचा माणूस, लोखंडी शेड आणि ट्रस डिझाइन करतो, पण आमच्याकडे तर सगळा धंदाच टनावर चालतो त्यामुळे वजन कमी करणे हा रोजचाच उद्योग आहे. पार्टी पहिला प्रश्न विचारते तो म्हणजे स्क्वेअर फुटाला किती किलो.

वरच्या मित्राने वाकण्याचं गणित दिलं ते बरोबर, पण फ्रेममधले बरेच मेंबर वाकत नसतात, दाबले जातात. दाबात लांब बारीक दांडा यील्ड होऊन जात नाही, तो बाजूला वाकून जातो, बकलिंग. ऑयलरचं सूत्र तुम्हाला सेकंड इयरलाच असतं, पाय (π) वर्ग ई आय भागिले लांबीचा वर्ग. त्यात यील्ड कुठे आहे? नाहीच. तुझा जुना पाईप १ मीटर लांब घे, दोन्ही टोकं पिन धर, २७ किलोन्यूटनला बकल होतो, यील्डला मात्र ७७ लागतात. म्हणजे स्टीलची दोन तृतीयांश ताकद पडून आहे. ४१३० चा २९.२ घेतलास तरी साडेसत्तावीसच्या आसपास, ढिम्म फरक नाही, उलट तो साधा सव्वा इंची ३५ किलोन्यूटन घेतो! आता त्याच मेंबरला मधोमध एक ब्रेसिंग दे. लांबी निम्मी, ऑयलर लोड चौपट. म्हणून हलकं करायचं असेल तर पाईप बारीक करण्याआधी लांबी तोड. जिथे चौकोन दिसेल तिथे एक तिरका पाईप टाकून त्रिकोण कर, आणि लोड नोडवर (जिथे पाईप एकत्र जुळतात तिथे) आण, पाईपच्या मधे नको. सस्पेन्शनचा ब्रॅकेट पाईपच्या मधोमध लावलेला असतो आणि मग तो वाकतो म्हणून पाईप जाड करतात, हे मी माझ्या पुतण्याच्या टीमच्या गाडीत स्वतः बघितलंय. ब्रॅकेट सरकव, नाहीतर त्याच्याखाली नोड आण.

त्यात सुद्धा एक मेख आहे. ब्रेसिंग ज्याला धरतं ती जागा स्वतः हलता कामा नये. अमेरिकेत हार्टफर्डला एका मोठ्या स्टेडियमचं छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या वजनाने खाली आलं, आदल्या रात्री तिथे हजारो माणसं बसून बास्केटबॉल बघून गेली होती, नशीब म्हणून कोणी सापडलं नाही. स्पेस फ्रेम (दांड्यांची त्रिमितीय जाळी) होती, कॉम्प्युटरवर डिझाइन केलेली, त्या काळात ते मोठं कौतुकाचं. वरच्या कॉर्डचे (जाळीच्या वरच्या थराचे) दाबातले मेंबर मधे धरलेले आहेत असं कागदावर गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात ते ब्रेसिंग नीट धरतच नव्हतं, म्हणजे बकलिंगची लांबी कागदापेक्षा जास्त. शिवाय चार अँगल एकत्र करून अधिक चिन्हासारखा सेक्शन केलेला, ज्यात बरंचसं स्टील मध्यावर जमा होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे छत उचलतानाच ते हिशेबापेक्षा दुप्पट खाली झुकलेलं लोकांनी बघितलं होतं. बघितलं, सांगितलं, आणि सोडून दिलं.

वजन कमी केल्यावर अजून एक गोष्ट होते जी पुस्तकात पटकन सापडत नाही. आमचं छत हलकं झालं की वाराच राजा होतो. जुन्या कौलारू छताला वारा उचलू शकत नव्हता, कारण वजनच तेवढं. आता पत्रा आणि झेड पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), एकूण वजन काहीच नाही, वारा वर ओढतो आणि ट्रसची खालची कॉर्ड, जी कायम ताणात म्हणून आपण बारीक ठेवलेली, ती एकदम दाबात येते. मुंबईचा बेसिक विंड स्पीड आयएस ८७५ (लोडचा भारतीय कोड) प्रमाणे ४४ मीटर प्रति सेकंद, पुण्याचा ३९, लोड वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे पुण्याचं हलकं ड्रॉइंग उचलून मुंबईला उभं करता येत नाही. तुमच्यातही तसंच काहीतरी असणार, गाडी सरळ उडी मारून पडली तर कुठला मेंबर दाबात आणि उलटी झाली तर कुठला, दोन्ही बघ.

केज_इनचार्ज

दादा आणि काका, दोघांचे आभार, एवढं कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. सव्वा इंचीचं गणित मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं, बरोबर येतंय. एक शंका राहिली. टॉपॉलॉजी ऑप्टिमायझेशनचं काय? आमच्या एका मित्राने यूट्यूबवर बघून फ्रेमच्या जागेत एक ठोकळा घेतला आणि सॉफ्टवेअरला ७० टक्के मटेरियल काढ म्हणून सांगितलं, हाडासारखा आकार आला, तो म्हणतो हाच खरा कमीत कमी वजनाचा आकार. आणि अॅल्युमिनियम का नको? स्टीलच्या एक तृतीयांश वजन.

मार्जिन_ऑफ_सेफ्टी

मी विमानांच्या स्ट्रेस ॲनालिसिसमध्ये काम करते, बंगळूरला. शेडवाल्या काकांच्या पोस्टला माझ्याकडून दोन्ही हात जोडून नमस्कार.

आधी अॅल्युमिनियम. एक तृतीयांश वजन खरं, पण ई सुद्धा एक तृतीयांश. ई भागिले डेन्सिटी काढ, स्टील २०५ भागिले ७.८५ म्हणजे २६, अॅल्युमिनियम ७० भागिले २.७ म्हणजे २६, टायटॅनियम काढ, मॅग्नेशियम काढ, सगळे २५-२६ च्याच घरात येतात. निसर्गाने मुद्दाम खोडी काढल्यासारखं वाटतं. म्हणजे नुसत्या ओढल्या जाणाऱ्या दांड्याची ताठरता बघायची तर यातला कुठलाही धातू घ्या, वजन तेवढंच. मग विमानं अॅल्युमिनियमची का? कारण बकलिंगमध्ये आणि वाकण्यात जाडी मोलाची ठरते. त्याच वजनात अॅल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड होतो आणि पत्र्याचा वाकण्यातला स्टिफनेस जाडीच्या घनात वाढतो. भरीव खांबाला तुलना ईच्या वर्गमुळावर होते, पत्र्याला घनमुळावर, म्हणून हलका धातू तिथे जिंकतो. पण तू पाईप वापरतोयस, व्यास वाढवून तू तो फायदा आधीच घेतलायस. पोकळ बांबू जे करतो तेच, मटेरियल मध्यापासून लांब नेणे. आणि बाहात केजला स्टीलच लागतं त्यामुळे हा वाद तसाही नियमानेच संपतो. अॅल्युमिनियम नकल (चाक धरणारा सस्पेन्शनचा भाग) आणि हबला वापर, ते ठोकळ्यातून कापायचे असतात आणि ते अनस्प्रंग (स्प्रिंगच्या खालचं, चाकाबरोबर हलणारं) वजन आहे, तिथला प्रत्येक ग्रॅम सस्पेन्शनला जाणवतो.

आता कमीत कमी वजनाच्या आकाराबद्दल. हा प्रश्न कॉम्प्युटरच्या फार आधीचा आहे. १९०४ साली मेलबर्नच्या ए. जी. एम. मिचेल नावाच्या इंजिनिअरने सिद्ध केलं की दिलेल्या लोडसाठी सगळ्यात हलकी जाळी कशी असते. सगळे मेंबर एकाच मर्यादेपर्यंत ताणलेले किंवा दाबलेले, आणि ताणातले व दाबातले मेंबर एकमेकांना काटकोनात छेदतात. (हा तोच मिचेल ज्याच्या नावाचं टिल्टिंग पॅड थ्रस्ट बेअरिंग तुम्ही मशीन डिझाइनला शिकता. एका माणसाने दोन्ही केलं.) दिसायला ती जाळी फार सुंदर असते, पंख्यासारख्या वक्र रेषा. सॉफ्टवेअर जो हाडासारखा आकार देतं तो याच कुळातला, १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची यांनी मांडलेल्या पद्धतीवरून पुढे आलेला.

पण मिचेलच्या जाळीत काय धरलेलं नाही ते बघ. बकलिंग नाही. जॉइंटचं वजन नाही, आणि खऱ्या उत्तरात जॉइंट असंख्य लागतात. लोड एकच. तू सॉफ्टवेअरला समोरून धडक हा एकच लोड दिलास तर ते समोरच्या धडकेसाठी अप्रतिम आकार देईल आणि बाजूने कोणी ठोकलं तर त्यात काहीच नसेल, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बहुतेक विद्यार्थी जी सेटिंग वापरतात त्यात ते स्टिफनेससाठी ऑप्टिमाइझ करत असतं, बकलिंग त्यात बघतच नाही, आणि बारीक फांद्या देतं. त्यामुळे त्या आकाराचं कौतुक कर, त्यावरून लोड कुठून कुठे जायला बघतोय ते वाच, कुठे त्रिकोण हवाय ते ठरव, आणि मग पाईपने फ्रेम आख. तो आकार जसाच्या तसा फ्रेमला वापरू नको. नकल किंवा रॉकरला वापर, तिथे ते खरंच कामाचं आहे.

आणि ठरलेली पद्धत विचारलीस म्हणून. आम्ही प्रत्येक भागापुढे एकच गोष्ट लिहितो, हा भाग कशामुळे एवढा जाड आहे. यील्ड, बकलिंग, स्टिफनेस, फटीग (परत परत लोड येऊन तडा जाणं), की नुसतं बनवता येत नाही म्हणून. विमानात लिमिट लोडच्या (वापरात येणारा जास्तीत जास्त लोड) १.५ पट अल्टिमेट (तिथपर्यंत मोडता कामा नये) धरतात, फक्त दीडपट, तुमच्या कॉलेजात ३ आणि ४ चे एफओएस सर्रास असतात. एवढा कमी परवडतो कारण लोड नीट माहीत असतो आणि मोडेपर्यंत टेस्ट केलेली असते. तुझा एफओएस २ आलाय तो कुठल्या लोडवर? तो लोड कुठून आणलास? उडी मारून पडताना किती जी (गुरुत्वाच्या किती पट) येतात हे ॲक्सिलरोमीटर लावून मोजलंय का, की मागच्या वर्षीच्या रिपोर्टमधून उचललंय? वजनाचं सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे. वेल्डपाशी जो लाल ठिपका दिसतो त्याच्यावर मात्र वजन खर्च करू नको, कोपऱ्यात मेश (सॉफ्टवेअर भागाचे जे छोटे तुकडे पाडतं ते) बारीक करशील तसा तो वाढतच जाईल, तो खरा स्ट्रेस नाही. लोक त्या ठिपक्यासाठी गसेट (जॉइंटच्या कोपऱ्यातली आधाराची पट्टी) लावत सुटतात आणि चार किलो तिथेच जातात.

बॅकबेंचर_९७

वजन कमी करायचंय तर ड्रायव्हर बदला. आमचा ८४ किलोचा होता आणि आम्ही नट बोल्टचे ग्रॅम मोजत होतो.

जुना बाहावाला

हसू नका, खरंय ते.

@केज_इनचार्ज, ताईंच्या पोस्टमध्ये एक भर घालतो, फ्रेम झाल्यावर टॉर्शन (पिळण्याची) टेस्ट कर. मागची दोन टोकं घट्ट बांध, पुढे आडवा बीम लावून एका बाजूला वजन टांग, दोन डायल गेज. सॉफ्टवेअरचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहिला की तुझं मॉडेल किती खरं बोलतं ते कळतं, आणि डिझाइन इव्हेंटला जजेस नेमकं हेच विचारतात. काका सांगतायत त्या हार्टफर्डच्या छताने दुप्पट झुकून हेच सांगितलं होतं.

केज_इनचार्ज

करतो नक्की. शेवटचा प्रश्न, सव्वा इंची १६ गेज आमच्या इथे फर्निचरवाल्यांकडे ढिगाने मिळतो, तोच चालेल का? आणि वेल्डिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच करायचंय, मामांकडे आर्क आणि मिग आहे.

टिगवाला

फर्निचरचा पाईप अजिबात घेऊ नको. तो ईआरडब्ल्यू (पट्टी गोल वाकवून शिवणीवर वेल्ड केलेला) असतो, कार्बन बऱ्याचदा खूप कमी, ०.१८ चा नियम तिथेच गेला आणि यील्ड ३६५ मिळेल याची काही खात्री नाही, मग वरचं सगळं गणित रद्द. १०१८ मध्येसुद्धा कार्बन ०.१५ ते ०.२० असा असतो, म्हणजे १०१८ लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीट नंबरसकट (स्टील कुठल्या घाण्यातलं ते) टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, आणि तरी एक तुकडा कापून लॅबमध्ये केमिकल आणि टेन्साइल करून घ्यायचं. जाडी दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोज. पैसे त्यानंतर दे.

वेल्डिंगचं म्हणशील तर १.६ ला मिग चालतं हात हलका असेल तर, १.२ ला भोक पाडशील. आर्क विसर. टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग) भाड्याने मिळतं का बघ, फिलर (जॉइंटमध्ये भरायची तार) ईआर७०एस-२. सगळ्यात महत्त्वाचं फिटिंग आहे, पाईपचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापायचं ते होल सॉने, ग्राइंडरने डोळ्यांनी नाही. फट राहिली की वेल्डर ती धातू ओतून भरतो, जॉइंट तापून वाकडा होतो, वजनही तिथेच परत येतं. काही गेलंच पुढे ४१३० वर तर वेल्ड झाल्यावर पाणी मारायचं नाही, फॅनसमोर ठेवायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं, नाहीतर वेल्डच्या कडेला कडक होऊन तडकतं.

मामांना सांग आधी त्याच पाईपचे टी जॉइंट करून द्या, एक मधून उभा चिरायचा आणि आत मुरलंय का बघायचं, एक हातोड्याने पाईप वाकेपर्यंत मारायचा. वेल्ड सुटला तर फ्रेमला हात लावू द्यायचा नाही. पाईप वाकला आणि वेल्ड राहिला तर सुरू करा.